सिस्टरांनी फोडलेलं कुलूप

सिस्टर कुठल्याही सरकारी पत्राला आधी घाबरायच्या, मग ते वाचायच्या. नाशिक-पेठ रस्त्यावरच्या आमच्या गावातल्या आरोग्य केंद्रात रोज हजर असणाऱ्या त्या एकट्याच. टपाल आलं की लिफाफा घेऊन माझ्याकडे शाळेत यायच्या. "सर, तुम्हीच फोडा. मेमो असेल तर हळू सांगा."

डॉक्टर नाशिकला राहत. आठवड्यातून दोनदा येत आणि औषधांच्या कपाटाची किल्ली खिशात घालून परत जात. ज्याला जीप परवडे तो पेशंट सरळ नाशिक गाठायचा. बाकीचे केंद्राच्या पायरीवर बसून राहायचे. सिस्टर त्यांना पाणी द्यायच्या आणि मान खाली घालून म्हणायच्या, "माझ्या हातात काही नाही हो."

भातलावणीच्या दिवसांत शाळेमागच्या शेतात सोमीबाईला साप चावला. तिच्या नवऱ्याने तिला धरलं आणि मी दोघांना मोटारसायकलवरून केंद्रात आणलं. तिच्या पापण्या मिटत चालल्या होत्या, जीभ जड झाली होती. विषावरची लस कुलूपबंद कपाटात होती. डॉक्टरांचा फोन बंद. अ‍ॅम्ब्युलन्स त्र्यंबकेश्वरकडे गेलेली. नवरा दाराशी उभा होता; मला त्याच्याकडे बघवेना.

सिस्टरांनी दाराला लावलेला दगड उचलला. पहिले दोन घाव भिंतीवरच बसले, तिसऱ्याला कुलूप तुटलं. "रिअ‍ॅक्शन आली तर माझं काही खरं नाही, सर," एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी सलाईनमधून लस लावली. दुपारभर आम्ही तिघं तिचा श्वास बघत बसलो. दिवेलागणीला तिने डोळे उघडले.

महिन्याभराने चौकशी झाली. कुलूप कुणी फोडलं, एवढंच नाशिकहून आलेल्या साहेबांनी विचारलं. डॉक्टर कुठे होते, हे नाही. मला साक्षीला बोलावलं. माझीही नोकरी सरकारीच. मी बाहेर होतो, काही पाहिलं नाही, असं सांगून मोकळा झालो. सिस्टर शेजारच्याच खुर्चीवर होत्या.

त्यांची बदली आणखी दूर, सुरगाण्याकडे झाली. एसटीत बॅग चढवताना मी माफी मागू लागलो, तर त्यांनी थांबवलं.

"राहू द्या, सर. मागच्या पावसाळ्यात एका बाईला असंच आणलं होतं. तेव्हा मी कुलूप फोडलं नव्हतं."

आता कपाटाला मोठं कुलूप आहे. किल्ली नाशिकलाच असते. लावणी सुरू झाली आणि केंद्राकडे कुणी धावत निघालेलं दिसलं, की मी हातातला खडू ठेवून शाळेच्या दारात येतो. वेळ आली तर माझा हात दगडाकडे जाईल का, मला अजून सांगता येत नाही.