तुळशीची निळी लादी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्वदीर्घ चुकतात, ते सांभाळून घ्यावं. पण कसालच्या पुढं ज्याची लाद्यांची भट्टी आहे त्या माणसाबद्दल लिहायचं आहे, कारण तो मला कळलेला नाही.

नारळ पडून आमच्या तुळशीवृंदावनाची एक निळी लादी फुटली. त्या सगळ्या लाद्या माझ्या नवऱ्यानं स्वतः बसवल्या होत्या. तो आता नाही. तुळशीच्या लग्नाआधी अगदी तशीच लादी हवी, म्हणून मी फुटका तुकडा घेऊन भट्टीवर गेले.

हा माणूस कोऱ्या भाजलेल्या लादीला जीभ लावतो आणि ती पाणी किती पिते ते बघतो. रंगाचं नाव विचारलं तर नुसता हसतो. लादीवर चढवायची झिलई बादलीत गुलाबी दिसत होती. मी घाबरून म्हटलं, "हो रंग निळो नाय."

"माका काय सांगतस? भट्टीक सांग."

भट्टी उघडली तेव्हा ती गुलाबी झिलई निळी झाली होती, आणि त्यानं भाजलेल्या नमुन्यांतला एक माझ्या तुकड्याशी हुबेहूब जुळला. तरी लादी बसवायला घरी आला तो गडद निळी घेऊन. ती बसवून झाल्यावर मी कसंबसं विचारलं, "जुळलेलो रंग आसा मा तुमच्याकडे?"

"आसा."

"मगे?"

"तो लायलो आसतो तर तुझ्या घोवान बसयलेली लादी खंयची, ता तुकाच कळला नसता, बाये."

त्याच्यावर रागवावं की त्याच्या पाया पडावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"चाय घेतास?" एवढंच मी विचारलं.