अस्वलाच्या हाताएवढी

गीतांजलीला मी कधी बसून चहा पिताना पाहिलं नव्हतं. आमच्या घरी आली की ओट्याला टेकून उभी राहायची, एका हातात कप, आणि दुसऱ्या हातानं माझ्या बरण्यांची झाकणं घट्ट करत सुटायची. हिंदी मुलखातल्या आमच्या घमापुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिच्या पायाला भिंगरी आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं. पण गेलं दीड वर्ष तिची जी घालमेल चालली होती तिचं कारण वेगळं होतं, आणि ते मला फार उशिरा कळलं. ती स्वतःच्या मुलीची उंची मोजायला घाबरत होती.

दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर मी हसले असते. कारण गीतांजली अंगणवाडीची सेविका आहे. दर महिन्याला वस्तीतली सत्तरएक पोरं ती पट्टीला उभी करते. बूट काढ, वेणी सोड, टाचा मागे, नजर समोर. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं निजवून मोजायचं आणि त्यावरचं उभं करून, हे ती झोपेतही सांगेल. आकडा मोबाइलमध्ये भरला की मूल हिरव्यात आहे, पिवळ्यात की लालात, ते कळतं. लाल आलं की त्या आईची खैर नाही. मोजायच्या दिवशी कडी लावून बसणाऱ्या बायांवर तर ती तुटून पडते. गल्लीच्या टोकाला राहणारी ममता दर वेळी आतूनच सांगते की मूल झोपलंय. मग तिच्या दारात उभं राहून गीतांजली अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी विचारते, "पहले क्यों नहीं लाईं?"

तिची मोना माझ्या बंटीहून तीन महिन्यांनी मोठी. मी शिकवते त्या शाळेतच दोघं नर्सरीपासून, त्यामुळे मोनाचं नाव अंगणवाडीच्या रजिस्टरात कधी चढलंच नाही. तिची उंची तिची आई घरीच मोजायची, स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारून.

दोन वर्षांपूर्वी पाटन रोडला झुल्यांचं, म्हणजे पाळण्या-गाड्यांचं, मोठं पार्क झालं, आणि मूल किती वर्षांचं झालं की न्यावं यावर गल्लीत रोज चर्चा झडू लागली. विचारायला सगळे गीतांजलीकडे. तिचा सल्ला खरोखर लाखमोलाचा होता. वय सोडा, ती म्हणायची. शू लागली हे मूल वेळेवर सांगतं का ते बघा, पंधरा मिनिटं रांगेत उभं राहतं का ते बघा, वरातीचा बँड ऐकून कडेवर न चढता उभं राहतं का ते बघा. हे जमत असेल तर चार वर्षांचंही न्या, जमत नसेल तर सहाचंही घरी ठेवा. थंडीत जा, सकाळी जा, आणि पोरं पेंगायच्या आत परत फिरा. लोक तिचं ऐकून गेले, मजा करून आले आणि फोटो तिलाच दाखवायला आले.

ती स्वतः मात्र जाईना. मोनाला हे सगळं केव्हाच जमत होतं. तरी आधी ती म्हणाली, पाच पुरी होऊ देत, आत्ताचं तिला पुढे काही आठवणार नाही. पाच झाली. मग म्हणाली सहा, म्हणजे शाळेत जाऊन सगळं सांगता येईल. सहा झाल्यावर म्हणाली, खरं तर सातच बरं, त्या वयात भीती वाटली तर मूल तसं सांगतं. दोन्ही पोरं बरोबरच न्यायची असं ठरलेलं, म्हणून मी बंटीला अडवून धरलं होतं, आणि बंटी रोज माझं डोकं खात होता. मी एकदा चिडून म्हटलंसुद्धा, की अशानं तू मोनाला तिच्या लग्नानंतरच नेशील. ती हसली आणि माझ्या मिठाच्या बरणीचं घट्ट झाकण आणखी घट्ट केलं.

शाळेतल्या मुलांनी मोनाला सांगून ठेवलं होतं, की तिथे भिंतीवर एक अस्वल रंगवलंय. त्यानं हात पुढे केलाय. डोकं त्या हाताला लागलं तरच डोंगरावरच्या गाडीत बसू देतात, नाहीतर बाळांच्या बदकात बसावं लागतं. बदकात बसण्याची मोनाला भयंकर धास्ती. ती दाराच्या कडीला लोंबकळायला लागली, दूध न सांगता प्यायला लागली, आणि सकाळी डोळे उघडले की आईला विचारायची, मी वाढली का. गीतांजली म्हणायची, वाढली. आणि लगेच काहीतरी आवरायला घ्यायची.

आणि मी काय करत होते, तर कौतुक. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बंटीच्या तिन्ही पँटी घोट्याच्या वर गेल्या होत्या. मोना गेल्या वर्षीच्याच फ्रॉकमध्ये आणि गेल्या वर्षीच्याच बुटांत आली. मी फाटकात चार बायांसमोर म्हटलं, कपडे कसे जपून वापरावेत हे आमच्या मोनाकडून शिका. गीतांजलीच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मला दिसला होता. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

डिसेंबरात शाळेला सुट्टी लागली तेव्हा मी कंबर कसून तिच्या घरी गेले. आज तारीख ठरवल्याशिवाय उठणार नाही, असं सांगून मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं पान उलटायला गेले, तर खिळा ढिला होता आणि कॅलेंडरच हातात आलं. मागे पेन्सिलीच्या रेघा होत्या. प्रत्येक रेघेशी तारीख आणि आकडा, तिच्या रजिस्टरातल्या बारीक अक्षरात. खालच्या रेघांमध्ये चांगलं दोन-दोन बोटं अंतर होतं. वरच्या दोन मात्र एकमेकींना चिकटल्या होत्या. मार्चमध्ये एकशे दोन सेंटीमीटर, ऑगस्टमध्ये एकशे दोन आणि अर्धा. तो ऑगस्ट गेल्या वर्षीचा. त्याच्यावर भिंत कोरी होती.

मी वळून पाहिलं. ती सिंकपाशी उभी राहून एकच वाटी पुन्हा पुन्हा विसळत होती.

"मला वाटलं पट्टी तिरपी लागली," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली, तर तेवढीच. मग पट्टी जी अंगणवाडीत नेऊन ठेवली ताई, ती परत घरी आणलीच नाई."

धम्मदीपला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सांगितलं का असं मी विचारलं. त्याला नुसतं विचारून पाहिलं होतं, ती म्हणाली. त्याचं म्हणणं पडलं की आपणही लहानपणी बुटकेच होतो. धम्मदीप आज पावणेसहा फूट आहे, त्यामुळे या उत्तरानं ती चार दिवस शांत झाली होती. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मोना झोपली की तिचे पाय पलंगाच्या कुठल्या फळीपर्यंत येतात ते बघायचं, आणि दिसायच्या आत नजर फिरवायची. कुणाचं मूल किती वाढायला हवं हे तिला तोंडपाठ. म्हणून तर आकडा नको होता.

मी म्हटलं, शिवणाच्या डब्यातला टेप काढ, दोन मिनिटांचं काम आहे. तिनं काढला. मोनाला हाक मारायला तोंडही उघडलं. मग टेप बोटाला गुंडाळत बसली, इतका घट्ट की बोट पांढरं पडलं.

"माझ्या हातानं नाई होऊन राहिलं," ती म्हणाली. "पार्कात जाऊ. तिथं ते लोक मोजतात. मी फक्त पाहीन."

मला तिचा राग यायला हवा होता. आला तो माझाच, त्या बुटांच्या कौतुकाचा.

रविवारी सकाळी आम्ही दोघी आणि दोन पोरं रिक्षानं निघालो. धम्मदीपला फॅक्टरीत ओव्हरटाइम होता. धुकं एवढं की रिक्षावाला दिवा लावून चालवत होता. वाटेत गीतांजलीनं मोनाच्या स्वेटरची बटणं चार वेळा लावली आणि चार वेळा काढली. मोनाचं लक्षच नव्हतं. ती बंटीला विचारत होती, अस्वलाचा हात पंज्याच्या वरच्या बाजूनं धरतात की खालच्या.

अस्वल गाडीच्या रांगेच्या तोंडाशीच होतं. हाताखाली रंगानं लिहिलेलं, एकशे पाच सेंटीमीटर. शेजारी मफलर गुंडाळलेला एक वयस्क माणूस उभा होता. रांगेतल्या आया पोरांच्या केसांचे तुरे उभे करत होत्या, टाचा उचला म्हणून कानात सांगत होत्या, आणि तो बाप्या सगळ्याकडे कानाडोळा करून पोरं आत सोडत होता. बंटी गेला. मग मोना उभी राहिली. जाड तळव्याचे बूट, डोक्यावर उंच बांधलेली शेंडी. शेंडी अस्वलाच्या हाताला लागली.

"चलो, पास," तो माणूस म्हणाला, आणि मोना धावत आत गेली.

माझा जीव भांड्यात पडला. झालं, सुटलो, असं म्हणायला मी वळले तर गीतांजली पुढे झाली होती.

"मोना, परत ये."

मोना परत आली. गीतांजलीनं खाली बसून तिचे बूट काढले. मग डोक्याचं रबर काढलं आणि दोन्ही तळव्यांनी केस चापून बसवले. मोनाचे डोळे भरून आले. ती एवढंच म्हणत होती, की मी पास झाली ना, आई, त्या काकांनी सांगितलं ना. मागची रांग कुरकुरायला लागली. तो माणूसही म्हणाला, रहने दो दीदी, हो गया. मी तिचा दंड धरला आणि दातओठ खाऊन सांगितलं की पोरीचा आनंद घालवू नकोस. तिला यातलं काही ऐकू जात नव्हतं.

"टाचा मागे," ती म्हणाली. "नजर समोर."

सत्तर पोरांना सांगते तेच शब्द, पण आवाज इतका बारीक की मोनालाच ऐकू यावा. मग ती गुडघ्यांवर बसली, आपले डोळे अस्वलाच्या हाताच्या बरोबर समोर आणले, आणि मोनाच्या डोक्यावर तळवा सपाट ठेवून भिंतीला टेकवला.

अर्धं बोटसुद्धा नाही, पण तळवा अस्वलाच्या हाताच्या वर होता. मोनानं मान वळवून अस्वलाचा पंजा डोक्याशी आलेला पाहिला आणि ती ओरडली, "लागलं, आई! खरंच लागलं!" मोकळ्या केसांनी, दोन्ही बूट हातात घेऊन, अनवाणीच ती बंटीकडे पळाली. बदक टळलं होतं. तिच्याएवढं सुखी त्या पार्कात त्या घटकेला कोणी नसेल.

गीतांजली गुडघ्यांवरच होती. तळवा अजून भिंतीला लावलेला.

"तीन," ती म्हणाली. "सोळा महिन्यांत तीन सेंटीमीटर. आठ पाहिजे होते, ताई."

रांगेला वाट द्यायची म्हणून मी तिला उठवलं. आतून मोना हाका मारत होती, आई ये ना, तुझी जागा धरली. गीतांजलीनं डोळे पुसले आणि गेली. गाडी डोंगरावर चढताना मोना दोन्ही हात वर करून किंचाळत होती आणि गीतांजली तिच्या कमरेला हात घालून तिच्याकडेच बघत होती. लोक गाडीतून खाली बघतात. तिनं एकदाही बघितलं नाही. त्यानंतर मोना आणखी तीनदा बसली, आणि दर वेळी बूट काढून, स्वतःहून टाचा मागे लावून अस्वलापाशी उभी राहिली.

सोमवारी आम्ही मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. गीतांजलीनं भिंतीवरचे सगळे आकडे आणि खाली अस्वलापाशी मोजलेला कालचा आकडा, तारखांसकट कागदावर उतरवून नेले होते. डॉक्टरांनी कागद वाचला, शेवटच्या दोन तारखांवर पेन ठेवलं आणि विचारलं, "पहले क्यों नहीं लाईं?"

तेच शब्द, अगदी त्याच क्रमानं. मी तिची बाजू घ्यायला तोंड उघडणार होते, आणि माझ्यासारखीला गप्प बसणं किती अवघड जातं हे मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे. पण ती माझ्याआधी बोलली. म्हणाली, भीती वाटली म्हणून. डॉक्टरांनी मान हलवली. रक्त तपासायला लिहून दिलं, मनगटाचा एक्स-रे लिहून दिला. काही मुलं उशिरा वाढतात, काहींना औषधानं गुण येतो, ते म्हणाले, रिपोर्ट आल्याशिवाय काही सांगता येणार नाही. रिपोर्ट शुक्रवारी.

मधले दिवस तिनं कसे काढले ते मला भिंतीतून ऐकू येत होतं. पहाटेच भांडी वाजायची, पलंग सरकवला जायचा, पुन्हा जागेवर यायचा. मी माझ्या बरण्या मुद्दाम अर्धवट झाकून ठेवल्या. ती येऊन गेली की सगळ्या घट्ट झालेल्या असत.

बुधवारी अंगणवाडीचा मोजायचा दिवस होता. ममताचं दार नेहमीप्रमाणे बंद. मी भाजी घेऊन परतत होते आणि आता ती गल्ली दणाणून सोडणार म्हणून मी कान टवकारले. आवाज आला नाही. वळणावर आले तेव्हा गीतांजली ममताच्या पायरीवर बसली होती. उंचीची पट्टी मांडीवर आडवी. बंद दाराशी ती अगदी हळू बोलत होती.

"ममता, मेरी मोना भी नहीं बढ़ रही. सोलह महीने मैंने भी नहीं नापा."

गीतांजली उठली नाही, की दारावर थापही मारली नाही. मी भाजीची पिशवी घेऊन तशीच उभी. मग आतली कडी निघाली, आणि ममता पोराला कडेवर घेऊन बाहेर आली.