सोनेरी वेलीवरची चार बोटं

आधीच सांगते, भूतखेत, करणी, बाहेरची बाधा यातलं मी काही मानत नाही. आजही नाही. त्यामुळे "ताई, कुणा जाणत्याला दाखवा" अशा कमेंट टाकणार असाल तर राहू द्या... ते घरच्यांनी सांगून झालंय.

जळगावात माझं जुन्या शिवणमशीनांचं छोटं दुकान आहे. लोक फोटो पाठवतात, 'शंभर वर्षं जुनं आहे' म्हणतात. बहुतेक वेळा नसतं. सिरीयल नंबर ताडून पाहिला की साल कळतं, आणि किंमत ठरते ती बरीचशी काळ्या रंगावरच्या सोनेरी नक्षीवरून. शिवणारीचा हात आणि सरकणारं कापड, यांनी ती खालच्या पाटावर, पुढच्या बाजूला पुसली जाते. कुठे किती झीज आहे ते पाहून मशीन किती चाललंय ते मी सांगते. हे माझं रोजचं काम आहे, म्हणूनच हे लिहायची हिंमत करतेय.

मागच्या हिवाळ्यात अमळनेरहून शकुंतलाअक्कांचा फोन आला. ऐंशीच्या घरातल्या बाई, मुलाकडे सुरतेला राहायला निघाल्या होत्या. वडिलांच्या वेळचं हातमशीन विकायचं होतं. मी गेले, लाकडी पेटी उघडली आणि बघतच राहिले. नंबरावरून स्वातंत्र्यानंतरचं, म्हणजे फार जुनं नव्हे, पण नक्षीवर एक ओरखडा नाही. आतलं कारखान्यातलं ग्रीससुद्धा तसंच वाळलेलं.

"अक्का, हे कुणी वापरलंच नाही?"

"नही वं माय," एवढंच म्हणाल्या.

मीही जास्त खोदलं नाही. मशीन दुकानात आणलं, सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्याच पर्समध्ये. दुकानात मी एकटीच असते. फोटो पाहून नाशिकच्या एका संग्राहकाने लगेच होकार कळवला.

तो न्यायला आला तेव्हा मी मशीन बाहेर काढलं. त्याने ते उजेडात फिरवून पाहिलं आणि थांबला. मशीनच्या वरच्या आडव्या दांड्यावर सोनेरी वेल पुसट झाली होती. चार डाग शेजारी शेजारी, पलीकडच्या बाजूला एक.

"मॅडम, फोटो जुने टाकले होते का?"

"नाही. मशीन आणलं त्याच दिवशीचे आहेत."

"मग नक्षी गेली कुठे?"

मी फोनमधला फोटो आणि मशीन शेजारी शेजारी धरून पाहिलं. तो रिकाम्या हाताने गेला आणि आमच्या जुन्या मशीनवाल्यांच्या ग्रुपवर मला लबाड ठरवून मोकळा झाला.

नवरा म्हणाला, स्पिरिट लागलं असेल. स्पिरिटने नक्षी विरघळते, फरकटते. ही झीज तशी नव्हती. कडा हळूहळू विरत गेलेल्या, खालचा काळा रंग गुळगुळीत... असं व्हायला वर्षानुवर्षं हात फिरावा लागतो. आणि तेही भलत्या जागी! शिवताना तिथे हात टेकायचं कुणालाच कारण नसतं.

मशीन पुन्हा कपाटात ठेवलं, पण कुलूप असूनही डाग वाढत गेले. सासूबाई म्हणाल्या, तापीत सोडून ये. मी म्हटलं, "आई, तापीने काय घोडं मारलंय?"

मग एका दुपारी, लख्ख उजेडात, मी जमिनीवर बसून दुसरं मशीन खोलत होते. कपाटातून करकर आवाज आला. लाकडावर कुणी भार दिल्यासारखा. मान वर केली तर मशीनचं हँडल थरथरत होतं. घाबरले, खोटं कशाला बोलू? पण उठले, कपाट उघडलं आणि त्या डागांवर बोटं ठेवली. लोखंड कोमट होतं. तिथे ऊन येत नाही.

तिथूनच अक्कांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"डाग कोठे पडनात? वरला दांडावर?"

"हो. चार बोटं, मागे अंगठा."

"मन्ही मोठी बहीण व्हती, इंदू. तिना पाय अधू व्हता. खाले बसनी का उठतांना कशावर तरी हात टेकाना लागे. बाबांनी मशीन तिनाकरताच लयेल व्हतं... हात लावाना आधीच ती तापमा गयी. मंग बाबांनी पेटीले कुलूप लावं."

 मी विचारलं, "काय करू मग? परत आणून देऊ?"

"तू काय करशी ते कर. पन तिले हाकलू नको."

मी हाकललं नाही. सोनेरी नक्षी नव्याने चिकटवून मिळते, तशी चिकटवून विक, असाही सल्ला मिळाला. मी खोटा माल विकत नाही. नाशिकच्या साहेबांना ग्रुपवरच उत्तर दिलंय – फोटो खरे होते, डागही खरे आहेत, येऊन पाहा. ते काही आले नाहीत.

तुम्हीही येऊ शकता. दमट हवा, हलकं वार्निश, माझ्या मनाचे खेळ... ही सगळी कारणं मी स्वतःच तपासून बाजूला ठेवलीत. दुसरं कुठलं कारण आजवर सापडलेलं नाही. पण म्हणून मी लिंबू बांधणार नाही आणि नारळही फोडणार नाही. एका मुलीसाठी आणलेलं मशीन होतं, तिला ते मिळालं नाही. ती आता त्यावर हात टेकत असेल तर टेकू दे, माझं काय जातं?

अक्कांना मशीनची किंमत मी माझ्याच खिशातून चुकती केली. मशीन आता कपाटात नाही, दुकानाच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवलंय, पुढ्यात बसायला चटई घालून. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा सांगते, त्याची मालकीण आहे.