नाल्याकाठचा तुकडा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा विष्णुपुरीच्या कॉलेजात मी ग्रंथालयाचं कुलूप काढत होतो. भाच्याच्या आवाजावरूनच कळलं. सकाळी अक्का चहा घेऊन उठवायला गेली, तर दाजी उठले नाहीत. कुलूप तसंच लटकतं सोडून मी नांदेडच्या स्टँडवर आलो आणि लातूरची गाडी धरली. वाटभर दाजींचा दिवाळीनंतरचा फोन आठवत होता. येळवशीचं आवतण द्यायला त्यांनी मुद्दाम केला होता. "यंदा आपल्याच रानात जेवायचं, पाहुणे. भज्जी आपल्या रानातली," म्हणाले होते. एवढं साधं वाक्य, पण ते बोलायला दाजींना कितीतरी वर्षं थांबावं लागलं होतं...

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूरकडं त्या दिवशी गाव ओस पडतं आणि रानं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी करायची, पूजा करायची आणि रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून आंबील, पालेभाज्या आणि डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे खाऊ घालायचे. माझी थोरली बहीण अक्का किल्लारीच्या रस्त्यावरच्या एका गावात दिलेली. तिच्या हातच्या भज्जीसाठी लोक वाट वाकडी करून यायचे. भज्जीतली मेथी, पालक, चुका, सगळं नाल्याकाठच्या तुकड्यातलं. दाजी लातूरला रसायनशास्त्र शिकवायचे, पण रानात पाऊल टाकलं की त्यांचा हात आधी खाली जायचा. चिमूटभर माती ओली करायची आणि बोलता बोलता बोटांत तिची वात वळत राहायचं. वात लांबली तर माती चिकण, तुटली तर मुरमाड. लग्नाच्या मांडवातही नवरदेवानं मेढीजवळची माती उचलून पाहिली, असं आमची आई सांगायची. "पोरगा बरा हाय, पण मातीत खेळतो," हा तिचा जावयाबद्दलचा शेवटपर्यंतचा अभिप्राय होता.

नाल्याच्या वरच्या अंगाला कधीकाळी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी होती. ती बंद पडली, पत्रे कुणीतरी काढून नेले आणि आम्ही सगळे तिला विसरलो. पुढं एकदा दाजींना मुलांना माती तपासायचा प्रयोग शिकवायचा होता. दुसऱ्याचं रान कशाला, म्हणून त्यांनी आपल्याच नाल्याकाठची माती आणि पालक नेला. दोन्हीत शिसं निघालं. पुन्हा तपासलं, बाहेरून तपासून आणलं, तरी तेच. येळवस तोंडावर आलेली. अक्का म्हणाली, बाजारातून भाजी आणू. दाजी म्हणाले, बाजारची भाजी आणून रानात जेवणं म्हणजे रानाला चिडवल्यासारखं आहे. तेव्हापासून अक्काची येळवस बंद झाली. शेजारच्या लिंगप्पांचं रान चढाला, नाल्याच्या पाण्यापासून लांब. तिथं ती पाहुणी म्हणून जेवायला जायची. जन्मभर दुसऱ्याला वाढलेल्या बाईनं ताट पुढं करून बसायचं, हे मला बघवत नसे. ती एकच उंडा खाऊन उठायची.

विषारी माती खरवडून टाकायची, तर टाकायची कुठं? कुणाच्या तरी दारातच ना? म्हणून दाजींनी मातीवर मातीचाच उपाय धरला. बेंटोनाइट नावाची एक चिकणमाती असते. विजेच्या अर्थिंगच्या खड्ड्यात घालतात ती. पाणी लागलं की फुगते आणि शिशासारखे धातू स्वतःला चिकटवून धरते. आपल्या काळ्या मातीतही तिच्याच जातीचा अंश असतो, पण हा तुकडा पडला मुरमाड. मला समजावताना ते म्हणायचे, "तुमच्या अक्कासारखी हाय ही. एकदा धरलं की सोडत न्हाई." अक्का आतून ऐकत असायची आणि त्या दिवशी चहाला उशीर व्हायचा.

पहिला प्रयोग मात्र पार फसला. दाजींनी ती भुकटी युरिया फेकावा तशी रानभर फेकली आणि वखर उद्या घालू म्हणून घरी आले. संध्याकाळी अवकाळी कोसळला. सकाळी बघतो तर सगळा तुकडा सारवल्यासारखा गुळगुळीत, वर पाणी थांबलेलं, मुरायचं नाव नाही. बघायला आलेले लिंगप्पा घसरून जे बसले, ते बसल्या जागेवरूनच म्हणाले, "सर, रान धुवायलाव का लिपायलाव?" सगळ्यात जास्त हसले ते दाजीच. मग वाळल्यावर ढेकळं फोडली, शेणखत घातलं, उभी-आडवी वखरणी केली. त्यानंतर दर हंगामाला तिथली भाजी तपासायची आणि टाकून द्यायची, हा नेम झाला. पानातलं शिसं कमी कमी होत गेलं, तरी दाजी रान स्वच्छ झालं म्हणेनात. शिसं तिथंच आहे, फक्त पिकाला मिळत नाही, हेच पालुपद. मी एकदा वैतागलो. म्हटलं, झालं स्वच्छ म्हणून सांगून टाका की, अक्काला तिची येळवस तरी मिळेल. ते बराच वेळ वात वळत बसले. मग म्हणाले, "ज्येला जेवायला वाढायचं, त्येला खोटं सांगून वाढू का?"

शेवटी या पावसाळ्यानंतर पालक पुन्हा पुन्हा चांगला निघाला आणि त्यांनी आवतणं सुरू केली. ती अर्धीच झाली...

घरात माणूस गेलं की वर्षभर सण नाही. भावकीनं अक्काला तसं सांगितलंही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सण न्हाई करत मी. कोप न्हाई, पूजा न्हाई. त्येनी बोलावलेल्या लोकायला जेवू घालायलेय." येळवशीला मी गेलो. बाभळीखाली सतरंजी अंथरली होती. माणसं आली, बसली, पानं वाढली गेली, पण हात कुणाचाच पुढं होईना. लिंगप्पांनी हळूच विचारलं, "वैनी, भाजी कुठली?"

"ह्याच तुकड्यातली," अक्का म्हणाली. "मातीतलं शिसं गेलेलं न्हाई. पानात उतरत न्हाई, असं त्ये सांगून गेलेत. ज्येला खायचं त्येनं खावं."

आणि घरात कायम सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या माझ्या बहिणीनं पहिलं पान स्वतःपुढं ओढलं. ती खाली मान घालून जेवत राहिली. लिंगप्पांनी पटका सारखा केला, उंडा मोडला आणि भज्जीत बुडवला. मग एकेक हात पुढं झाला. मी उठून तुकड्याच्या कडेला गेलो.

नकळत वाकलो. चिमूटभर माती घेतली, बाटलीतल्या पाण्यानं भिजवली आणि बोटांत वळत राहिलो. पूर्वी इथली वात टिकायचीच नाही. आज ती लांबत गेली, तुटली नाही. डोळे पुसायला हात वर नेला, तोच मागून अक्कानं मनगट धरलं. तिच्या दुसऱ्या हातात तांब्या होता.

"आधी हात धू," ती म्हणाली. "त्ये रोज धुवायचे."