पायलटच्या घरचा फोन

आमची ताई श्रवणयंत्रांच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना "ऐकू येतंय का?" विचारते आणि घरी आली की माझं मात्र एक ऐकत नाही. तरुणपणी तिने एका कॉम्प्युटर गेमला संगीत दिलं होतं. आयुष्यात एकदाच. कंपनी लगेच बुडाली, घरात तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे तयार गेम तिने कधी पाहिलाच नाही.

आता तोच गेम नव्याने काढणारा एक माणूस घरी येऊ लागला. मी त्याला गेमवाला म्हणतो. जुन्या गेममध्ये संगीत म्हणजे नुसते सूर आणि वाद्यांचे नंबर. आवाज ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरचा. म्हणून आता आवाज निवडायचे होते. त्यांचे तयार संच मिळतात, साउंडफाँट म्हणतात त्यांना. ताईने एकेकाला नाक मुरडलं. एकाचं व्हायोलिन सर्दी झालेलं, दुसऱ्याचा ड्रम म्हणजे पत्र्याचा डबा. शेवटी तिचा जुना सिंथेसायझर माळ्यावरून काढायचं ठरलं. काढला कुणी? मी. तेव्हा धरलेली कंबर अजून सुटलेली नाही.

"मूळचा आवाजही एकदा ऐका," म्हणत गेमवाल्याने आपला लहानपणचा कॉम्प्युटर टेबलावर मांडला आणि शेवटचं दृश्य लावलं. बर्फात हरवलेला पायलट चालत घरी पोचतो, दाराला हात लावतो, पडदा काळा होतो. इथे ताईने पहाटेच्या पक्ष्यांचा आवाज घातला होता. ते कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

पक्षी आलेच नाहीत. टेलिफोन वाजू लागला, आणि वाजतच राहिला.

ताई पडद्याजवळ सरकली. "हे काय आहे?"

"शेवट," गेमवाला म्हणाला. "घरात फोन वाजतोय आणि कुणी उचलत नाही. म्हणजे घरात कुणी उरलंच नाही. शाळेत असताना आम्ही सगळे इथे रडायचो."

मी हबकलोच. घोळ काय झाला ते ताईच्या लक्षात आलं. तिच्या सिंथेसायझरवर वाद्यं एकपासून मोजायची, प्रोग्रॅमरकडे शून्यापासून. तिच्या प्रत्येक नंबरातून तो एक वजा करायचा. पक्ष्यांचा नंबर तिने अगदी शेवटी फोनवरून कळवला, तेवढ्यातून एक वजा करायचा राहिला. वाद्यांच्या त्या यादीत असले आवाजही असतात, आणि पक्ष्यांच्या पुढचाच आवाज टेलिफोनचा.

"अहो, मी पायलटला सुखरूप घरी पोचवलं होतं," ताई म्हणाली. "इतकी वर्षं तो दारातच उभा?"

माझं डोकं फिरलं. "कोण तो गाढव प्रोग्रॅमर? आत्ताच्या आत्ता पक्षी घाला."

"फोन काढू नका," गेमवाला गयावया करू लागला. "तो गेला तर आमचा गेमच गेला."

ताई उठली, हेडफोन लावले आणि प्रत्येक साउंडफाँटमधला टेलिफोन ऐकत बसली. सगळे नापास. मग गेमवाल्याच्या जुन्या कॉम्प्युटरमधलाच कर्कश आवाज तिने निवडला. गेमवाल्याचा जीव भांड्यात पडला, आणि मी चिडून स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

तिने हाक मारली तेव्हा बाहेर आलो. दृश्य पुन्हा लावलं होतं. पायलटने दाराला हात लावला, पडदा काळा झाला, फोन वाजू लागला. वाजत राहिला. आणि एक घंटी निम्म्यावरच तुटली. जरा वेळ काहीच नाही. मग माळ्यावरून मी काढलेल्या त्या सिंथेसायझरचे पक्षी बोलू लागले.

 गेमवाल्याने विचारलं, "कुणी उचलला?"

"घरच्यांनी," ताई म्हणाली. "आतल्या खोलीत होते, यायला जरा वेळ लागला."