चेहरा पटला पाहिजे

काकूंनी श्रुतीच्या हातात चहाचा ट्रे दिला आणि माझ्या हातात झाडू.

"ओढनी कमरेले बांध," त्या म्हणाल्या. "असं नाई वं. घट्ट."

मी बांधली. खाली फाटक वाजलं होतं. नगरपालिकेची माणसं आली होती.

काकूंच्या त्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही सहा मुली भाड्याने राहायचो. चंद्रपूरच्या रस्त्यावरचं खाणीचं गाव. इथे खोल्यांना मोठी मागणी. नगरपालिकेने नवीन नियम काढला होता. एकमेकांच्या नात्यातले नसलेले लोक एकत्र भाड्याने ठेवायचे तर घराला परवाना पाहिजे. खोलीत माणसं किती, संडास किती, आग लागली तर उतरायला दुसरा जिना आहे का, हे सगळं बघणार. काकूंकडे परवाना नव्हता. दुसरा जिनाही नव्हता. शेजाऱ्यांनी आमच्या गाड्यांवरून तक्रार केली होती.

घरचेच लोक राहत असतील तर परवाना लागत नाही. म्हणून सकाळी काकूंनी आम्हाला हॉलमध्ये ओळीने उभं केलं आणि नाती वाटली.

"श्रुती, तू माह्या नागपूरच्या बहिनीची."

"थोरलीची की धाकटीची, काकू?"

"धाकटीची. थोरलीले पोट्टेच हायेत."

सगळ्या हसल्या. एक नणंदेची झाली, एक दिराची. एक म्हणाली, "मी सून होते ना काकू, मुलगा अमेरिकेत आहे म्हणा." पुन्हा हसू. मीही हसले. माझी पाळी शेवटची होती. मी मनात ठरवूनही टाकलं होतं की मी मामेबहिणीची मुलगी होईन.

काकू माझ्यासमोर आल्या आणि थांबल्या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. कपाळ, नाक, रंग. त्यात राग नव्हता. भाजी घेताना बघतात तसं बघणं होतं. मी गडचिरोलीच्या आतल्या गावची, गोंड. सहा वर्षांची असताना सरकारी योजनेतून इंग्रजी शाळेत गेले, दुसऱ्या जिल्ह्यात, वसतिगृहात. शाळेत मी कमी बोलायला शिकले. बोललं की कुठली ते कळतं. पण चेहरा लपवता येत नाही.

"तुले भाची कशी म्हनू वं," काकू म्हणाल्या. "चेहरा तं पटला पाहिजे ना."

आणि झाडू आणायला आत गेल्या.

मी भाडं बाकीच्यांएवढंच द्यायचे. माझा पाण्याचा ग्लास तेवढा वेगळा होता, स्टीलचा, खिडकीत ठेवलेला. तो मी दोन वर्षं पाहून न पाहिल्यासारखा केला. पण त्या सकाळी मला एक गोष्ट कळली. खरं नातं कोणी मागितलंच नव्हतं. पाच मिनिटांचं खोटं नातं होतं, सरकारला फसवण्यापुरतं. त्या खोट्यातसुद्धा मला जागा नव्हती.

नगरपालिकेचे दोघे जण होते. त्यांतला मोठा चौकड्याच्या शर्टात. श्रुतीने चहा दिला. "नमस्ते अंकल," म्हणाली.

"ह्या साऱ्या भाच्या?" त्याने विचारलं.

"कॉलेजले सुट्ट्या हायेत ना साहेब. घर भरून जाते."

"अन् हे?"

"हे कामाले येते."

त्याने मला विचारलं, "कुठची गं तू?"

"एटापल्लीकडची."

"तिकडच्या लय येऊन राह्यल्या इकडे. किती घरचं काम करतं?"

माझं तोंड उघडलं. आतून आवाज आला, मऊ, तयार, जणू कित्येक वर्षं वाट बघत बसलेला. "एकच, साहेब."

मग ते वर आले. आमच्या खोलीत. मीही मागून, झाडू घेऊन. माझ्या पलंगावर माझी शाळेची वही होती. मी पहिलीच्या वर्गाला शिकवते, दुसऱ्या दिवशीचा पाठ इंग्रजीत लिहून ठेवला होता. त्याने वही उचलली.

"अक्षर सुंदर आहे. कोणाचं?"

काकूंनी श्रुतीकडे पाहिलं. श्रुतीने माझ्याकडे पाहिलं नाही. "माझं," ती म्हणाली.

"छान. लिहीत जा."

जाता जाता त्याची नजर वर गेली. माझ्या उशीच्या वर, कोपऱ्यात. "तिथी जाळं राहून गेलं पाह्य," तो मला म्हणाला.

मी माझ्याच पलंगावर चढले आणि ते जाळं काढलं.

ते गेल्यावर काकूंनी आलुबोंडे मागवले. मला दोन दिले, बाकीच्यांना एकेक. "मनाले नको लावून घेऊ," त्या म्हणाल्या. श्रुती माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "तू तर खरीच कामवाली वाटलीस! काय ॲक्टिंग केली!" ती माझं कौतुक करत होती. मी दोन्ही आलुबोंडे खाल्ले. हेही मला विसरता येत नाही.

त्या दिवसापासून त्या खोलीत आम्ही सात जणी राहू लागलो. सहा भाडेकरू आणि ती, कमरेला ओढणी बांधलेली. मी पुस्तक उघडलं की ती दाराशी उभी असायची. बेल वाजली की माझ्या आधी तीच उठायची. शाळेत मुलं "गुड मॉर्निंग मिस" म्हणायची तेव्हा मला वाटायचं, आत्ता ती माझ्या तोंडून "हो साहेब" म्हणेल. काम करणाऱ्या बाईची मला लाज नव्हती. माझी आई तेंदूपत्ता तोडते, दुसऱ्याच्या शेतात धान लावते. लाज वेगळी होती. कोणीतरी मला जे म्हटलं, ते मी किती चटकन झाले.

पावसाळ्यानंतर शाळेत पालकसभा होती. मी वर्गाच्या दाराशी खुर्च्या लावत होते. चौकड्याचा शर्ट नव्हता, पण माणूस तोच. सोबत त्याची मुलगी, परी. माझ्याच वर्गातली. तिचे वडील म्हणजे हे, हे मला तोवर माहीत नव्हतं. प्रत्येक वेळी आईच यायची.

"अगं, तू इथीही कामाले येतं का?" तो म्हणाला. "टीचरले बोलाव बरं लवकर. मले ऑफिसात जायचं हाय."

परीने त्याचा शर्ट ओढला. "पप्पा, ह्याच तर आमच्या मिस आहेत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता याला लाज वाटेल. वाटली नाही. त्याच्या डोळ्यांत हिशोब चालला होता. काकूंनी आपल्याला फसवलं, हे त्याच्या ध्यानात येत होतं.

"मॅडम," तो म्हणाला. आता मॅडम. "म्हणजे तुम्ही त्या घरी भाड्यानं राहता?"

मी म्हणाले, "परीचं वाचन चांगलं आहे. बेरजेकडे थोडं लक्ष द्या."

पुढच्याच आठवड्यात काकूंना नोटीस आली. घरात राहणाऱ्या सगळ्यांनी नगरपालिकेत येऊन, आपण घरमालकिणीच्या कोण, हे सांगायचं.

त्या संध्याकाळी काकू पहिल्यांदाच माझ्या पलंगावर येऊन बसल्या. हातात चहा, त्यांच्या घरातल्या फुलाफुलांच्या कपात.

"घे बेटा."

मी कप घेतला. प्यायले नाही.

"तू तं मले पोरीसारखी. उद्या तिथी सांग, भाची हाय म्हनून. शाळेत शिकवतं तू. कोन नाई म्हनते?"

"आणि चेहरा?" मी विचारलं.

दोन वर्षांत मी त्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न असावा. काकू हसल्या. खरंच मोकळं हसल्या.

"शिकल्यावर चेहरा सुधरते वं!"

त्या गेल्यावर श्रुती आली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "तू खरं बोललीस तर आपण सगळ्या रस्त्यावर. माझी परीक्षा आहे पुढच्या महिन्यात. खोली कुठे मिळते इथे? आणि तुला तर..."

ती थांबली. वाक्य मी मनात पूर्ण केलं. मला तर कोणीच देणार नाही. बरोबर होतं तिचं. ही खोली मिळायच्या आधी मी बरीच दारं पाहिली होती. फोनवर "या ना, बघून जा," आणि दारात आडनाव ऐकल्यावर "आत्ताच गेली हो खोली." काकूंनी घेतलं होतं मला. तो उपकार होता की एक पलंग रिकामा पडला होता, मला अजून ठरवता येत नाही.

नगरपालिकेत एका टेबलामागे त्यांचे वरचे साहेब बसले होते. बाजूला परीचे वडील. एकेक मुलगी उठली. बहिणीची. नणंदेची. दिराची. साहेब मान डोलावत होते. माझं नाव पुकारलं तेव्हा काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मायेने ठेवतात तसा. हात जड होता आणि मला तो हवासा वाटला. हे खोटं सांगणार नाही. क्षणभर फार हवासा वाटला.

"आपण यांच्या कोण?" साहेबांनी विचारलं.

मी हाताखालून बाजूला झाले.

"कोणी नाही. मी भाडेकरू आहे. वरच्या खोलीत सहा जणी आहोत. सगळ्या भाडं देतो. मागच्या वेळी हे आले तेव्हा झाडू घेऊन उभी होते, ती मीच."

माझा आवाज लहानच होता. पण तो माझा होता.

"कामवालीच सांगितली होती साहेब," परीचे वडील घाईने म्हणाले. "मले काय माहीत?"

"तुम्ही मला जाळं काढायला सांगितलं," मी म्हणाले. "तो माझा पलंग होता."

"मले कसं कळनार ते?"

"माझ्याकडे पाहून तुम्हाला शंकाच आली नाही."

काकू पुटपुटल्या, "घरात घेतलं, हेच चुकलं."

घर रिकामं करायचा हुकूम निघाला. मुली बॅगा घेऊन पांगल्या. श्रुतीने परीक्षा एका नातेवाइकाच्या घरून दिली, असं ऐकलं. ती माझा फोन उचलत नाही. मी वेल्डिंगच्या दुकानामागे एक खोली घेतली आहे. संडास बाहेर आहे. त्या खोलीलाही परवाना नाही.

काही महिन्यांनी काकूंच्या घराला मागून लोखंडी जिना लागला. परवाना मिळाला, चार मुलींचा. फाटकावर पाटी आली. मी एका रविवारी गेले आणि बेल वाजवली. काकूंनी दार अर्धं उघडलं.

"दोनच मुली आल्यात असं ऐकलं," मी म्हणाले. "जागा आहे का?"

"भरली," त्या म्हणाल्या. दार लागलं.

तिथून मी थेट नगरपालिकेत गेले नाही, रविवार होता. सोमवारी गेले. परीच्या वडिलांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी विचारलं, परवाना देताना काय काय बघता. त्यांनी सांगितलं. खोलीची लांबी-रुंदी, खिडकी, संडास, जिना. मी विचारलं, जागा असून कोणाला नाकारलं, हे बघता का.

"तसा कॉलम नाई मॅडम," ते म्हणाले.

मी चहा घेतला नाही. तक्रार लिहून दिली, पूर्ण नाव, आडनावासकट. पोच मागितली. ते म्हणाले, याचं काही होणार नाही. मला माहीत आहे. परवाना दर वर्षी नवा करावा लागतो, हेही मला माहीत आहे. नूतनीकरणाला काकू येतील तेव्हा मी त्या टेबलासमोर उभी असेन. त्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, त्याच्याही पुढच्या. ती खोली मला आता नको आहे. मला का नाकारलं, ते काकूंनी साहेबांसमोर, मोठ्या आवाजात, माझ्याकडे बघून सांगायचं आहे. सांगेपर्यंत मी तिथून हलणार नाही.