अकरा नंबरचं ब्लेड

मी माझं नर्सिंगचं सर्टिफिकेट लॅमिनेट केलं होतं. एकदा लिहून टाकलेलं बरं, नाहीतर नातवंडांना वाटतं की आजी जन्मापासून शहाणी आहे.

मुंबईहून शारजाला यायचं ठरलं तेव्हा त्या कागदाच्या पाठीवर सरकारी शिक्के मारून घ्यायला मी दोन महिने रांगा लावल्या होत्या. शारजाचं लायसन्स मिळालं, हॉस्पिटलात रुजू झाले, आणि एक दिवस कपाटात त्या कागदाशेजारी झुरळ दिसलं. झालं. तशीच उठले, अल मजाजमधल्या आमच्या बिल्डिंगखालच्या फोटोवाल्याकडे गेले आणि कागद दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकमध्ये गच्च बंद करून आणला. दहा दिरहम, म्हणजे शंभर रुपये. मग चटकच लागली. लग्नपत्रिका, आरत्यांचा कागद, मुलीचं लिंबू-चमच्याच्या शर्यतीचं सर्टिफिकेट, सगळं प्लॅस्टिकमध्ये गेलं. नवऱ्याने विचारलं, "मला कधी नेतेस?"

तीन वर्षं सुखात गेली. मग कंपनीने ह्यांना अबुधाबीला हलवलं. तिथे हे आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहायचे आणि गुरुवारी संध्याकाळी घरी यायचे; तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे. मुलीने शाळेत कुटुंबाचं चित्र काढलं, त्यात आई आणि ती एका पानावर आणि बाबा दुसऱ्यावर. टीचरने विचारलं तर म्हणाली, "ही लिव्ह्ज इन अनदर एमिरेट."

ते पान पाहिलं आणि मी अबुधाबीत अर्ज टाकायला सुरुवात केली. चौथ्या महिन्यात एका हॉस्पिटलाने घेतलं. पण शारजाचं लायसन्स तिकडे चालेना. एमिरेट म्हणजे तिथलं राज्य; ते बदललं की पुन्हा कागद, पुन्हा परीक्षा. तिथल्या मेट्रनने फोनवर बजावलं, "शनिवारपर्यंत कागद जमा झाले पाहिजेत. तुझ्यामागे यादीत दोघी उभ्या आहेत."

बुधवारी रजा टाकून मी अबुधाबीच्या लायसन्स ऑफिसात हजर. काउंटरवर जाड चष्म्याचे एक कराचीवाले बाबू होते. त्यांनी सर्टिफिकेट उलटं केलं आणि नखाने वाजवलं. टक, टक.

"सिस्टर, ठप्पा कहाँ लगाऊँ? प्लास्टिक पे?"

"हाँ, ऊपर ही लगाइए ना," मी म्हणाले. बघा अक्कल.

"पीछे कागज चाहिए. इंडिया से नया मंगवाओ."

नवं मागवायचं म्हणजे मुंबईचं ऑफिस, प्रतिज्ञापत्र, आणि पाठीवरचे सगळे शिक्के पहिल्यापासून. सहा महिने कुठे गेले नाहीत. माझ्या हातात होते दोन दिवस. परतीच्या टॅक्सीत ते सर्टिफिकेट मांडीवर घेऊन बसले. उन्हात इतकं झकास चमकत होतं.

गुरुवारी ड्यूटीवर आमच्या वॉर्डातल्या सिनियर सिस्टरपुढे रडले. बाई वसईच्या, वीस वर्षं आखातात काढलेल्या. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला.

"शिक्का मागेच मारणार ना? मग पुढची बाजू राहू दे. पाठ तेवढी सोलू. उद्या चर्चमध्ये मास आटपून येते. इस्त्री आहे घरी?"

"आहे."

"आणि तोवर हात लावू नकोस. तुझं डोकं मला ठाऊक आहे."

शुक्रवारी दुपारी, नमाजाच्या वेळी रस्ते ओस पडले असताना सिस्टर चर्चच्या साडीतच आल्या. पर्समधून कागदात गुंडाळलेलं अकरा नंबरचं ब्लेड काढलं, ज्याने आम्ही टाके कापतो ते. जेवणाच्या टेबलावर चादर पसरली. ह्यांना सांगण्यात आलं की टेबल धरा आणि बोलू नका.

"आधी दुसऱ्या कशावर तरी करून बघ," सिस्टर म्हणाल्या.

मी लिंबू-चमचा आणला. इस्त्री जास्त तापली होती. प्लॅस्टिक निघालं, पण त्याबरोबर मुलीचं नाव, 'द्वितीय क्रमांक' आणि मुख्याध्यापिकेची सहीसुद्धा निघाली. कागद कोरा. मुलगी दारात उभी होती.

"मम्मा, दॅट वॉज माइन."

आता सगळ्यांना कळलं होतं की काय होऊ शकतं. सर्टिफिकेटच्या पाठीवर जांभळ्या शाईचे तीन शिक्के होते. तेवढे निघाले, की माझं तीन वर्षांचं नर्सिंग म्हणजे एक कोरा कागद.

सिस्टरनी इस्त्री सगळ्यात कमी आचेवर आणली, वर रुमाल ठेवला, दहापर्यंत मोजून उचलली. मी कड कापली आणि ब्लेडच्या टोकाने कोपरा उचलला. मग सरळ वर ओढायला लागले, रोज इतक्या शिरांमध्ये सुई घालणारी मी.

"वर ओढू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "म्हाताऱ्याच्या हातावरची चिकटपट्टी कशी काढतेस? आडवी. दुसऱ्या बोटाने कातडी दाबून."

मग मला जमायला लागलं. प्लॅस्टिक मागे दुमडायचं, कागद बोटाने दाबून धरायचा, जवभर सरकायचं. थांबायचं, पुन्हा रुमाल, पुन्हा इस्त्री. पहिला शिक्का राहिला. दुसरा राहिला. तिसऱ्यापाशी ह्यांना शिंक आली. ह्यांनी ती कशी गिळली ते हेच जाणोत. डोळ्यांतून पाणी आलं, पण टेबल हललं नाही.

तरीही तिसऱ्याची कड गेली. नखाएवढी जांभळी चकती प्लॅस्टिकला चिकटून आली, आणि गोल शिक्का गोल राहिला नाही.

मी ब्लेड खाली ठेवलं. "गेलं."

"कुठे गेलं? नंबर वाचता येतो, सही दिसते," सिस्टर म्हणाल्या. "पेशंट जिवंत आहे. जेवायला वाढ."

शनिवारी पुन्हा तोच काउंटर. चष्मेवाल्या बाबूंनी कागद उजेडाला धरला: पुढे प्लॅस्टिक, मागे उघडी पाठ, एक शिक्का कुरतडलेला. माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि आत गेले. मी घड्याळाकडे बघत उभी. वीस मिनिटांनी काळा पायघोळ अबाया घातलेल्या एका मॅडमना घेऊन आले. त्यांनी फाटक्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हू डिड धिस?"

"मी केलं," इंग्रजीत सांगितलं. खोटं सुचलंच नाही. सुचलं असतं तर नक्की बोलले असते.

"विथ व्हॉट?"

"सर्जिकल ब्लेड. नंबर अकरा."

त्यांनी कुरतडलेल्या शिक्क्यातला नंबर शारजाच्या लायसन्सच्या कागदांशी ताडून पाहिला. एकेक आकडा, बोट ठेवून. मग पुन्हा पहिल्यापासून. मी तोवर मनात यादीतल्या त्या दोघींना माझी खुर्ची, माझा युनिफॉर्म, अबुधाबीतलं आमचं न घेतलेलं घरसुद्धा देऊन टाकलं होतं. मॅडमनी कागद बाबूंपुढे सरकवला आणि आत निघून गेल्या.

बाबूंनी रबरी शिक्क्यावर फुंकर घातली, मोकळी जागा शोधली आणि ठप्पा मारला. मी तिथल्याच खुर्चीत बसून राहिले.

परीक्षा पुढे पास झाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सामान बांधताना मुलीने विचारलं, "न्यू हाऊसमध्ये बाबा रोज?" मी म्हटलं, रोज; घोरतातसुद्धा.

लायसन्सचं कार्ड घ्यायला गेले तेव्हा काउंटरवर तेच बाबू होते. त्यांनी कार्ड पुढे केलं, पण माझ्या हातात देता देता थांबले.

"सिस्टर, इसपे प्लास्टिक हमने चढ़ाके दिया है. अब आप इसको कुछ मत करना."